युरेनियमच्या टेलिंगला 'साधी रेती' म्हणणाऱ्या फॉरवर्डबद्दल

चार दिवस झाले, डिचोलीतल्या आमच्या प्रत्येक ग्रुपवर तोच फॉरवर्ड फिरतोय. युरेनियम काढून घेतलं की खनिज दळणाऱ्या मिलबाहेर उरते ती साधी रेती, अमेरिकेने तिच्यावर माती टाकून झाडं लावली, विषय केव्हाच संपला, आणि आपण गोंयकार मात्र खाणीतून काढून टाकलेल्या मातीच्या ढिगांच्या, म्हणजे डंपच्या नावाने रडत बसतो. माझ्या मावसभावाने पण पाठवला, वर "वाच जरा" म्हणून. वाचला बाबा, आता तू हे वाच.

साधी रेती म्हणे. हजार किलो दगडातून युरेनियम निघतं जेमतेम किलो-दोन किलो, बाकी सगळा दगड दळून, बहुतेक वेळा ॲसिडमधून काढून बाहेर टाकतात, ते टेलिंग. दिसायला रेतीच, ते खरं. पण युरेनियम गेलं तरी त्याची पिल्लावळ मागेच राहते, थोरियम आणि रेडियम, त्यामुळे खनिजातल्या मूळ किरणोत्सारातला साधारण 85 टक्के त्या रेतीतच असतो. रेडियम निम्मं व्हायला 1600 वर्षं लागतात आणि तेवढ्यावरही सुटका नाही, कारण थोरियम-230 ला निम्मं व्हायला 75 हजार वर्षं लागतात आणि त्यातून नवं रेडियम तयार होतच राहतं. विहीर उपसली तरी खालचा झरा चालू, तसं.

आणि साधी समजून वापरली की काय होतं ते कोलोराडोतल्या ग्रँड जंक्शनला झालंच की. 1966 पर्यंत लोकांनी मिलची रेती फुकट नेली, जोत्यात भरली, काँक्रीटमध्ये घातली, आपण डंपचा मुरूम नेतो तशीच. रेडियममधून रेडॉन गॅस निघतो, वास नाही रंग नाही, जमिनीच्या फटीतून घरात येऊन साठतो, त्याने फुफ्फुसाचा कॅन्सर होऊ शकतो. शेवटी 4000 हून जास्त जागा उकरून साफ कराव्या लागल्या.

झाडांचं तर उलटंच आहे. टेलिंगच्या ढिगावर चिकणमातीचा जाड थर दाबून बसवतात, कारण रेडॉन 3.8 दिवसांत निम्मा होतो, म्हणजे त्याला वाटेतच रखडवलं की बरंचसं काम झालं. खोल मुळं गेली की तो थर फाटतो, म्हणून बऱ्याच ठिकाणी वर नुसते दगड पसरलेत आणि उगवलेली झुडपं माणसं पाठवून काढतात. साखळीच्या वाटेवर डंपवर आकेशिया दिसतो ना, तो तिथे चालायचा नाही.

विषय संपला म्हणाल तर युटातलं मोआब बघा. कोलोराडो नदीच्या काठावर 1 कोटी 60 लाख टनांचा ढीग, 2009 पासून तो मालगाडीने 48 किलोमीटर लांब न्यायला घेतला, दीड दशक त्यातच गेलं. आणि अमेरिकेच्या 1978 च्या कायद्याखाली जे नियम झाले त्यात ढिगावरचं झाकण शक्यतो हजार वर्षं, निदान 200 वर्षं टिकलं पाहिजे असं लिहिलंय. संपलेल्या विषयाला हजार वर्षं कशाला लागतात?

राहिले आपले डंप. ते लोखंडाचे, त्यांचा हा मामला नाही, पण पावसात शेतात उतरणारा लाल चिखल काय अमेरिकेने झाडं लावून थांबणार आहे का?

आणि हो, फॉरवर्डमध्ये 'युटातला हिरवा डोंगर' म्हणून जो फोटो आहे तो झूम करून बघा, मागे माड दिसतायत.