‘स्वखुशीने येतात’ हे म्हणणे का टिकत नाही

गेले काही महिने गोव्यात एक मजकूर मोबाइलवरून सर्वत्र फिरत आहे. त्याचा आशय असा: परप्रांतीय मजूर येथे स्वखुशीने येतात, गावाकडच्यापेक्षा त्यांना दुप्पट मिळते, गोव्यात गरिबी उरलेलीच नाही, आणि किमान वेतनाची सक्ती केली तर लहान धंदे बुडतील, म्हणून कामगार कायद्यांचा आग्रह धरणारे गोव्याचे नुकसान करीत आहेत. तो पुढे पाठवणाऱ्यांत माझ्या परिचयाची, एरवी दुसऱ्याच्या दुःखाने हळहळणारी माणसे आहेत, म्हणूनच त्याला उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

‘स्वखुशी’ हा त्या मजकुराचा मुख्य आधार आहे आणि नेमका तोच कच्चा आहे. दिल्लीतील एशियाडच्या बांधकामांवरील मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये स्पष्ट केले की, किमान वेतनाहून कमी मजुरीवर काम करून घेणे ही घटनेच्या 23व्या अनुच्छेदाने निषिद्ध ठरवलेली सक्तीची मजुरी होय. कारण सक्ती केवळ दंडुक्याने होत नाही, भूक आणि दारिद्र्य यांनी दुसरा मार्गच शिल्लक ठेवला नसेल तर तीही सक्तीच असते. गोमंतकीयांना हे समजायला जड जाऊ नये. बार्देश आणि सासष्टीतील कितीतरी घरे आखातातल्या व बोटीवरच्या कमाईवर उभी राहिली. तेथे मालकाने एखाद्याचा पासपोर्ट काढून घेतला किंवा पगार थकवला, तर ‘तो आपणहून गेला होता’ असे म्हणून आपण गप्प बसत नाही.

‘दुप्पट मिळते’ हे ठरलेल्या रोजाबाबत खरे असेलही. हातात किती पडते, हे पाहायला हवे. मागच्या पावसाळ्यात पर्वरीतील एका बांधकामावर विजापूरकडच्या एका बाईने मला आपली वही दाखवली. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या त्या वहीत तिच्या शाळकरी मुलीने रोजची हजेरी मांडली होती. रोज 600 रुपये, हजेरी 21 दिवस, म्हणजे 12,600 रुपये. त्यातून मुकादमाने उचलीचे 4,000, पत्र्याच्या खोलीचे 1,500 आणि दुकानातील उधारीचे 3,800 कापून घेतले. उरले 3,300. पावसाने काम बंद राहिले त्या दिवसांचे तर खाडेच धरले होते. उचल किती फिटली हे मुकादमाच्या वहीत होते, आणि ती वही तिने कधी पाहिली नव्हती.

गरिबी उरली नाही, या विधानामागे नीती आयोगाचा बहुआयामी दारिद्र्य निर्देशांक आहे. त्यात गोव्याचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी आहे, हे खरे. पण तो निर्देशांक आरोग्य, शिक्षण आणि राहणीमान मोजतो. मजुरी किती आणि ती वेळेवर मिळते का, हे मोजतच नाही. 2020 च्या टाळेबंदीत काम थांबताच श्रमिक गाड्यांसाठी रांगा लावणारे मजूर आपण याच राज्यात पाहिले. दोन-तीन आठवड्यांची मजुरी बुडताच ज्याच्या घरातील धान्य संपते, त्याला गरीब म्हणायचे नाही तर काय म्हणायचे? शिवाय हा प्रश्न केवळ ‘भायल्यां’चा, म्हणजे बाहेरून आलेल्यांचाही नाही. 2012 मध्ये खाणी थांबल्यानंतर सत्तरी, डिचोली आणि सांगे येथील अनेक कुटुंबांनी कंत्राटी नोकरीतील अनिश्चितता स्वतः अनुभवली आहे.

धंदे बुडतील या भीतीबद्दल एवढेच म्हणता येईल की, कमी मजुरीमुळे आज मागे पडतो तो कायदा पाळणारा ठेकेदार, कारण त्याचा दर चोरी करणाऱ्याच्या दराशी टिकत नाही. सर्वांना एकच किमान दर लागू झाला, तर लहान पण सचोटीच्या माणसाला उलट आधारच मिळेल.

मग आपण करायचे काय? बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर घेतला जातो, आणि तो बांधकाम कामगारांच्या कल्याणासाठी असतो. त्याचा लाभ मिळण्यासाठी कामगाराची नोंदणी व्हावी लागते, आणि नोंदणीसाठी मागच्या बारा महिन्यांत किमान 90 दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. ठेकेदार तो देण्यास टाळाटाळ करतात, कारण दाखला म्हणजे हजेरीचा लेखी पुरावा. घर बांधून घेणाऱ्याने शेवटचा हप्ता देण्यापूर्वी एवढे तरी पाहावे: प्रत्येकाला दाखला दिला का, मजुरी कामगाराच्या स्वतःच्या खात्यात गेली का, आणि उचलीचा हिशेब त्याला वाचून दाखवला का. मजुरी थकली असेल, तर पणजीत पाटो येथे श्रमशक्ती भवनात कामगार आयुक्तांचे कार्यालय आहे. तेथे तक्रार नेताना मजुराबरोबर अर्ज लिहून देणारे, मराठी किंवा कोकणी बोलणारे कोणीतरी असले पाहिजे. त्या बाईची वही पुरावा म्हणून पुरेशी बोलकी होती, पण त्या कार्यालयाचा पत्ता तिला तोवर कोणी सांगितलेला नव्हता.