नशा उतरल्यावरही उरणारं गाणं

नमस्कार. बीटल्स या ब्रिटिश बँडच्या 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर' या गाण्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत की हे गाणं एलएसडी या भ्रम निर्माण करणाऱ्या अमली पदार्थाची करामत आहे, नशा वजा केली तर हाती काही लागत नाही आणि ते टिकलं ते बीटल्सच्या नावावर. तुम्ही मनापासून लिहिलंत, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

नावाचं आधी. फेब्रुवारी १९६७ मध्ये 'पेनी लेन'सोबत ही रेकॉर्ड आली, तेव्हा बीटल्सचं नाव शिखरावर होतं. तरी आज ब्रिटनमध्ये अधिकृत मानल्या जाणाऱ्या विक्रीच्या यादीत ती दुसऱ्या क्रमांकावरच अडली.

हे गाणं लिहिणारा आणि गाणारा बीटल्समधला जॉन लेनन एलएसडी घेत होता, हे खरंच. पण गाण्याचं मूळ लिव्हरपूलच्या वुल्टन भागात, साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवासंस्थेच्या 'स्ट्रॉबेरी फील्ड' नावाच्या अनाथाश्रमाच्या बागेत आहे. आई-वडील असूनही मावशीकडे वाढलेला हा मुलगा तिथे खेळायला जायचा. गाण्यात तो एखादं वाक्य सुरू करतो, मध्येच खोडतो, पुन्हा चाचरत काहीतरी म्हणतो. तुम्हाला ती बरळ वाटली. मला त्यात आपलं म्हणणं कुणाला कळेल का, या धास्तीने बोलणारा माणूस ऐकू येतो. इतक्या मोठ्या गायकाने स्वतःला इतकं उघडं ठेवावं, हे मला आजही हलवून जातं.

आणि कारागिरी! सुरुवातीची ती धूसर बासरी म्हणजे मेलोट्रॉन, प्रत्येक पट्टीमागे ध्वनिमुद्रित स्वराची टेप असलेलं वाद्य. लेननला एका टेकची, म्हणजे एका वेळच्या ध्वनिमुद्रणाची, सुरुवात आवडली, दुसऱ्याचा शेवट. दोन्हींची लय निराळी, स्वरही निराळा. निर्माता जॉर्ज मार्टिन आणि ध्वनिमुद्रक जेफ एमेरिक यांनी दुसऱ्या टेकचा वेग उतरवला, तसा स्वरही उतरला आणि साधारण एका मिनिटावर दोन्ही टेक जोडले गेले. त्यानंतरचा लेननचा आवाज जडावलेला, झोपेतून आल्यासारखा लागतो तो त्यामुळे. हे काम शुद्धीवरच्या, तयार कानांचं आहे.

मधूनमधून तारांची जी सर घरंगळत येते, ते आपलं स्वरमंडळ. ते वाजवलंय बीटल्सचा गिटारवादक जॉर्ज हॅरिसनने. १९६६ च्या सप्टेंबरात तो पंडित रविशंकरांकडे सतार शिकायला मुंबईत आला होता. आपल्याकडे गायक स्वरमंडळ मांडीवर घेऊन त्याच्या आसेत गातो. इथे ते कडव्यांमधला सांधा झालंय.

एक विनंती. १९९६ च्या 'अँथॉलॉजी २' या बीटल्सच्या संग्रहात या गाण्याचा पहिला टेक आहे. त्यात तुतारीवजा ट्रम्पेट नाहीत, चेलो नाहीत, सुरुवातही ध्रुवपदाने नाही, थेट कडव्याने होते. आधी तो ऐका, मग रेकॉर्डवरचं गाणं. त्यानंतरही तुमचं मत तेच राहिलं तर जरूर लिहा. चालीत नेमकं कुठे खटकतं तेवढं मात्र सांगा.