रे चार्ल्स : ‘डोळे घेतले, कान दिले’ या प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

अमेरिकन गायक-पियानोवादक रे चार्ल्स याच्या बालपणावरचा माझा लेख वाचून तुम्ही लिहिलंत, की देवानं डोळे घेतले आणि त्या बदल्यात कान दिले. या देणगीपुढे शाळेचं आणि आईच्या शिस्तीचं एवढं कौतुक कशाला? शिवाय तरुणपणी तो दुसऱ्यांची नक्कलच करत होता. सदाशिव पेठेत तुम्ही आयुष्यभर गाणं शिकवलंत, म्हणून सविस्तर लिहितो.

बदल्यात कान मिळाले, हे मला पटत नाही. फ्लोरिडातल्या ग्रीनव्हिल गावात वायली पिटमन यांच्या छोट्या हॉटेलात पियानो होता. तिथे रे घुटमळायचा तेव्हा त्याला चांगलं दिसत होतं. पिटमन त्याला शेजारी बसवून एका बोटानं चाल वाजवायला शिकवत. नजर अधू होत गेली ती पुढे, आणि सातव्या वर्षापर्यंत पूर्ण गेली. सुरांची ओढ त्याआधीचीच.

१९३७ मध्ये तो सेंट ऑगस्टीनच्या अंध आणि कर्णबधिर मुलांच्या शाळेत गेला. तिथे तो ब्रेलमधली स्वरलिपी शिकला. पियानोला दोन्ही हात लागतात आणि ब्रेल वाचायलाही बोटंच लागतात. म्हणून उजव्या हातानं वाचायचं, डाव्यानं वाजवायचं. मग हात बदलायचे, पाठ करायचं आणि शेवटी दोन्ही हात जुळवायचे. बाख, मोझार्ट, शोपँ या पाश्चात्त्य संगीतकारांच्या रचना अशा चार-चार मात्रा करत बोटांत उतरल्या. याला नुसती देणगी कसं म्हणू? आणि त्याच शाळेत गोऱ्या नि काळ्या मुलांना वेगळं ठेवत. ज्यांना रंगच दिसत नाही त्यांनाही! हे लिहिताना आजही संताप येतो.

आपल्याकडचंच बघा. फटाक्यानं विष्णु दिगंबर पलुसकरांचे डोळे लहानपणीच अधू झाले. पण त्यांचं गाणं म्हटलं की आपण मिरजेत बाळकृष्णबुवांकडे झालेल्या तालमीचं नाव घेतो, फटाक्याचं नाही. हाच न्याय रे चार्ल्सला का नको?

रेची आई लोकांचे कपडे धुऊन घर चालवायची. मुलगा आंधळा झाल्यावरही तिनं त्याला फरशी पुसायला, लाकडं फोडायला लावलं. १९४५ मध्ये ती गेली, तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. शाळा सुटली आणि जॅक्सनव्हिलला तो बँडमधून वाजवू लागला. पुढे ऑर्लँडोत उपासमारही झाली. अशा दिवसांत एकट्यानं उभं राहायला आईनं लावलेली सवयच कामी आली, असं मला ठामपणे वाटतं.

नक्कल त्यानं केली, नॅट किंग कोल आणि चार्ल्स ब्राउन या त्या काळच्या गाजलेल्या गायक-पियानोवादकांची, आणि त्यात लपवण्यासारखं काहीच नाही. गुरूची तान जशीच्या तशी गळ्यातून निघाल्याशिवाय तुम्ही तरी कुणाला पुढे सोडलंत का? १९४८ मध्ये तो सिॲटलला गेला, पुढच्याच वर्षी पहिली रेकॉर्ड निघाली, तीही त्याच ढंगाची. १९५४ मध्ये चर्चमधल्या गॉस्पेलच्या, म्हणजे भक्तिगीताच्या, चालीवर त्यानं प्रेमाचे शब्द गायले, तेव्हा त्याचा स्वतःचा आवाज सापडला. पुढचा लेख तिथूनच सुरू करतोय. जरूर वाचा, आणि नाही पटलं तर असंच रोखठोक कळवा.