जंत साखरेतून येत नाहीत

‘मुलांना जंत गोड खाल्ल्याने होतात, झोपेत दात खाणे ही त्याची पक्की खूण, शाकाहारी घराला ही भीती नाही, आणि गोळीपेक्षा साखर बंद करून कारल्याचा रस पाजावा’, अशा आशयाचा संदेश पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फिरत असतो.

यातले पहिलेच विधान चुकीचे आहे. जंत पोटात आपोआप तयार होत नाहीत. त्यांची अंडी किंवा अळ्या बाहेरूनच आत याव्या लागतात. गोल जंताची मादी दिवसाला २ लाखांपर्यंत अंडी घालते. ती विष्ठेवाटे मातीत पडतात, तेथे दोन-तीन आठवड्यांत त्यांच्यात अळी तयार होते, आणि मग न धुतलेल्या हातांवरून, कोथिंबिरीच्या जुडीवरून किंवा पाण्यातून ती कोणाच्या तरी पोटात जातात. अंकुशकृमीची अळी तर ओल्या मातीत अनवाणी चालणाऱ्याच्या कातडीतूनच शरीरात शिरते. तेव्हा धोका ठरतो तो उघड्यावरचे शौच, हात धुण्याची सोय आणि पायांतली चप्पल यांवरून. पेढा मळक्या हाताने खाल्ला, तर दोष हाताचा.

जंत नसलेली कितीतरी मुलेही झोपेत दात खातात, आणि जंत असलेल्या अनेकांना काहीच जाणवत नाही. रात्री गुदद्वाराशी सुटणारी खाज मात्र गांभीर्याने घ्यावी. ती बहुधा बारीक पांढऱ्या सुतकृमींमुळे असते, आणि त्यांची अंडी नखांतून व अंथरुणातून घरभर पसरतात.

शाकाहाराची ढाल तर फारच पातळ आहे. डुकराच्या कच्च्या मांसातून पट्टकृमी होतो हे खरे. पण ज्याच्या आतड्यात तो आहे, त्याच्या विष्ठेतली अंडी भाजीवरून दुसऱ्याच्या पोटात गेली, तर अळ्यांच्या गाठी मेंदूत होऊन फिट्स येऊ शकतात, आणि तो दुसरा माणूस पूर्ण शाकाहारी असू शकतो.

कारल्याच्या रसाने जंत जातात याला भरवशाचा आधार नाही. राष्ट्रीय जंतनाशक दिनी (२०१५ पासून) १ ते १९ वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोल देतात: ४०० मिलिग्रॅमची गोळी, दोन वर्षांखालील बाळांना अर्धी. मात्र या एका गोळीने जिआर्डिया किंवा अमिबा हे जुलाब करणारे एकपेशीय परजीवी जात नाहीत. त्यामुळे ती घेऊनही जुलाब वारंवार होत असतील, तर मलतपासणी करून घ्यावी.