गूजबेरी फूलबद्दलच्या तुमच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार. इंग्लंडात लीड्समधल्या आमच्या कॅफेत गूजबेरी फूल (fool; शिजवलेलं फळ क्रीममध्ये फिरवून केलेला इंग्लिश गोड पदार्थ, इथे गूजबेरी या आंबट हिरव्या फळाचा) खाऊन तुम्ही दोन तारे दिलेत. तक्रारी अशा : फार आंबट, फळ आणि क्रीम एकजीव नाही, अस्सल फूलमध्ये कस्टर्ड असतं ते नाही, आणि मराठी मालक असून आंब्याचं फूल नाही. मराठीत लिहिलंत, म्हणून मीही मराठीत लिहितो.

आंबटपणा कमी करणार नाही. इथल्या डबल क्रीममध्ये किमान ४८ टक्के स्निग्धांश असतो. आपल्याकडच्या पाकिटातल्या फ्रेश क्रीममध्ये साधारण २५. एवढं जड क्रीम गोड फळासोबत दोन चमच्यांत नकोसं होतं. गूजबेरी शिजतानाच आम्ही साखर घालतो, वर थोडं एल्डरफ्लॉवरचं, म्हणजे इथल्या एका झुडपाच्या सुवासिक फुलांचं, सिरप. त्याहून गोड केलं तर गूजबेरी घ्यायचीच कशाला?

फळाचे हिरवट पट्टे दिसले ते मुद्दाम ठेवलेले असतात. शिजवलेलं फळ पूर्ण गार करून, फेटलेल्या क्रीममध्ये हलक्या हाताने फिरवायचं आणि थांबायचं. श्रीखंडासारखं घोटलं तर क्रीममधली हवा जाते आणि ते दाणेदार होऊन फाटतं.

कस्टर्डचं मात्र तुम्ही बरोबर ओळखलंत. हॅना ग्लास या इंग्रज लेखिकेच्या १७४७ च्या पाकपुस्तकात गूजबेरी फूल दूध आणि अंड्याच्या पिवळ्या बलकावरच, म्हणजे कस्टर्डवरच केलंय, जायफळ घालून. त्याच पुस्तकातल्या वेस्टमिन्स्टर फूलमध्ये तर वाइनमध्ये भिजवलेल्या पावाच्या चकत्या आहेत, फळ नाहीच! म्हणजे अस्सल म्हणावं असं एकच फूल कधी नव्हतं. आमच्याकडे अंडं न खाणारी मंडळी पुष्कळ येतात, त्यांनाही हे खाता यावं म्हणून मी क्रीमची पद्धत धरली. त्यात गूजबेरीची चवही जास्त मोकळी लागते, असं माझं ठाम मत आहे.

आंब्याचं म्हणाल, तर अँग्लो-इंडियन घरांत मँगो फूल व्हायचं ते कैरीचं. चांगली कैरी मिळते तेव्हा आम्हीही करतो. पिकलेल्या हापूसचं करणार नाही; तो नुसताच खावा.

फेब्रुवारीत इकडे येणं झालं तर रुबार्बचं (आंबट देठांची एक भाजी, इथे फळासारखी वापरतात) फूल मागवा. जवळच वेकफील्डच्या बाजूला अंधाऱ्या शेडमध्ये वाढवलेला, मेणबत्तीच्या उजेडात काढलेला गुलाबी रुबार्ब तेव्हा येतो. आधी चमचाभर चाखायला मागा, आवडलं तरच ऑर्डर द्या.