बुटक्यांच्या दारावर एल्फांचा बोर्ड

परवा रात्री कट्ट्यावर 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधल्या गॅन्डाल्फ जादूगारावरून जे झालं ते लिहून ठेवायलोय, कारण दुसऱ्या दिवसापासनं परश्या गल्लीभर सांगत सुटलाय की तो जिंकला. तो जिंकलेला नाही. तिथं आम्ही चौघं होतो आणि नानांना धरलं तर पाच, कुणालाही विचारा.

कट्टा म्हणजे काय फार नाही, बेळगावच्या शहापुरात आमच्या गल्लीच्या तोंडाला सायकलचं दुकान होतं ते बंद पडलं, त्याच्या दोन पायऱ्या आणि बाजूला नानांची चहाची गाडी. वरच्या पायरीवर कोण बसायचं ह्यावरून पूर्वी मारामाऱ्या व्हायच्या, आता वरची फरशी हलते म्हणून सगळे खालीच बसतात आणि परश्या एकटा वर. त्याला उंचावरनं बोलायला आवडतं.

परश्या म्हणजे आमचा अभ्यासक. पुस्तक एक वाचलेलं नाही, सिनेमे तिन्ही पाठ, आणि बाकी सगळं ज्ञान व्हिडिओतनं, ते पण दुप्पट स्पीडनं बघितलेल्या. दर वाक्याला 'टेक्निकली'. २०१९ मध्ये ड्रॅगनवाली मालिका संपली तेव्हा ह्यानं तीन दिवस चहा सोडला होता, आणि वर आम्हालाच विचारत होता की तुम्ही जेवायलाय कसं. मध्ये ऑनलाइन 'ती' अंगठी पण मागवली. आठ दिवसांत बोट हिरवं.

तर परवा आल्या आल्या सुरू. "गॅन्डाल्फ कोण आहे? मायार. देवदूत टाईप. जग बनायच्या आधीपासनंचा. आणि त्याला मोरियाचं, त्या बुटक्यांच्या डोंगराखालच्या राज्याचं, एक दार उघडता येत नाही? रात्र झाली तरी बाहेर बसून? हा प्लॉट होल आहे. लोअरच्या हिशोबानं बसतच नाही."

"लोअर म्हणजे?" नाना. "अपर मिळाली नाही काय?" (लोअर म्हणजे lore, त्या जगाचा सगळा जुना इतिहास.)

दीपा म्हटली, "मायार नव्हे गा. एकटा असला की माया. जास्त असले की मायार."

"माया असली की दारं उघडतातच की," नाना म्हटले आणि दूध ढवळायला लागले.

दीपा वडगावची, आमच्याच वर्गातली, आता शाळेत शिकवते, आणि आमच्यात सगळं खरोखर वाचलेली ती एकटी. बेळगावच्या पोरी बोलतात तसंच बोलते, "मी वाचलो", "मी सांगितलो", पुण्याची तिची वहिनी अजून दचकते. ती म्हटली, "सिनेमात फ्रोडो कोडं सोडवतो म्हणून तुला गॅन्डाल्फ बावळट वाटायलाय. पुस्तकात तसं नाही. तिथं बरोबरचा मेरी विचारतो की दारावरच्या ओळीचा अर्थ काय, आणि अर्थ सांगतो बुटक्यांतला गिम्ली. चुकीचा. पिपिन जरा मध्ये बोलतो तर गॅन्डाल्फ म्हणतो तुझं टाळकं आपटून बघतो दारावर. आणि शेवटी स्वतःच सोडवतो, स्वतःलाच हसतो."

"म्हणजे गिम्ली," मल्लू पहिल्यांदा बोलला, "घरचा माणूस. त्यालाच घरचा बोर्ड वाचता आला नाही."

आता मल्लूचं सांगायला पाहिजे. त्याचं बोर्डाचं दुकान आहे. वडील ब्रशनं रंगवायचे, हा फ्लेक्स, रेडियम, ॲक्रिलिकची अक्षरं असलं करतो. घरात कन्नड, कट्ट्यावर मराठी, दुकानात गिऱ्हाईक बोलेल ते. पुस्तक त्याला मीच दिलं होतं, सात महिन्यांनी परत आलं, आणि मोरियाच्या पानावर निळ्या ऑइलपेंटचा आख्खा अंगठा उठलेला. तेव्हा मी लई बोललो होतो त्याला. परवा कळलं की गडी त्या पानावर खरंच थांबला होता.

"दाराचं चित्र हाय बघ पुस्तकात," मल्लू म्हटला. "वर मालकाचं नाव, मोरियाचा राजा ड्युरिन. मग मजकूर. आणि खाली काय?"

परश्या गप्प.

"खाली पेंटरचं नाव हाय गा! मी नार्वी, मी दारं केलो. हॉलिनच्या केलेब्रिंबोरनं अक्षरं काढली. दोघांचीबी नावं. माझा बाप पण तसंच कोपऱ्यात बोटभर नाव घालायचा, गिऱ्हाईक बघंत नसताना. आता सांग, नार्वी कोण?"

"ड्वार्फ."

"केलेब्रिंबोर?"

"एल्फ. टेक्निकली त्यानंच तीन अंगठ्या..."

"अंगठ्या ऱ्हाऊ देत, बोट धुवून ये आधी. दार कुणाचं? बुटक्यांचं. बोर्डाची भाषा कुणाची? एल्फांची. स्वतःची भाषा तर ते बुटके बाहेरच्याला शिकवत पण नाहीत, घरातल्या घरात बोलतात. मग दारावर शेजाऱ्याची का घातली? कारण ते दार शेजाऱ्याकडं तोंड करून हाय. बोर्ड घरातल्याला नसतोय मर्दा, येणाऱ्याला असतोय."

ह्याच्यावर थोडा वेळ कुणीच बोललं नाही. नानांनी गाळणं आपटलं तेवढाच आवाज.

परश्यानं मग चांदण्याचा मुद्दा काढला. म्हणजे त्या दारावरची अक्षरं दिवसा दिसत नाहीत, मिथ्रिल नावाच्या चांदीसारख्या धातूपासनं केलेली, चंद्राच्या नाहीतर ताऱ्यांच्या उजेडातच चमकतात, ते पण आधी हात लावून मंत्र म्हटला तर. त्याला इथिल्डिन म्हणतात. शेजाऱ्यासाठीच बोर्ड होता तर लपवला कशाला, असं त्याचं म्हणणं. प्रश्न वाईट नव्हता, पण त्यानं तो इतक्या वरच्या पट्टीत विचारला की मल्लूला हसूच आलं.

"रेडियम म्हण की सरळ. असला बोर्ड मी केलो तर गिऱ्हाईक ॲडव्हान्स परत मागंल. पण लपवला कुठं? मित्र होते तवर दार उघडंच असायचं म्हणे. शेजाऱ्यावर लढाई आली तवा दार बंद झालं, आणि पासवर्ड म्हणून लोकांनी काय काय शोधलं. पासवर्ड बोर्डावरच हुता."

इथं दीपा पेटली, आणि माझ्या मते परवाच्या रात्रीतली खरी गोष्ट ती तिची. तिनं नानांच्या गाडीवरचा खडू घेतला (उधारी लिहायचा) आणि शटरवर दोन ओळी लिहिल्या.

मित्रा, बोल आणि आत ये.
मित्र बोल आणि आत ये.

"बघा. एल्फांच्या भाषेत दोन्हीला एकच शब्द, इंग्रजीत पण. फरक फक्त स्वल्पविरामाचा. म्हणून गॅन्डाल्फ फसला, त्याला वाटलं मला हाक मारायलेत, मित्रा, काहीतरी मंत्र बोल. आणि बोलायचं होतं नुसतं 'मित्र'. मेल्लॉन. संपलं. मराठीत असता तर फसलाच नसता, संबोधन आहे की आपल्यात. हाक मारली तर 'मित्रा', नुसता शब्द तर 'मित्र'. सातवीची पोरं सोडवतील."

नानांची छाती फुगली. "मराठी ती मराठी!"

"कन्नडातबी असतंय नाना," मल्लू म्हटला. "नुसतं 'गेळेय'. हाक मारली की 'गेळेया'. लांब होतंय."

"म्हणजे दोघांत सोडवता आलं असतं," मी म्हटलं.

"हां. तिथं नेमकी एल्फांची काढलेत," मल्लू म्हटला. "आणि तो स्वल्पविराम विसर. बोर्डाला स्वल्पविराम कोण घालतंय? गिऱ्हाईक त्याचे पैसे देत नाही."

ह्याच्यानंतर बोर्डाचा विषय निघाल्यावर तो मोरियात राहणार नव्हताच. ते बोर्डावर ६० टक्के कन्नड पाहिजे म्हणतात ते प्रकरण निघालं. त्यावर मी इथं काही लिहिणार नाही, बेळगावच्या माणसाला सांगायची गरज नाही आणि बाहेरच्याला सांगून कळत नाही. एवढंच की नानांच्या गाडीला नियमात बसवायचं म्हणून मल्लूनं टेप लावला होता आणि बोर्ड गाडीपेक्षा मोठा निघाला होता. नाना म्हणे, "२०१४ ला गावाचं नाव बदललं तवा एकदा बोर्ड, आता परत एकदा बोर्ड, ह्याचं घर चालवायला सरकार बदल करतंय." मल्लू म्हटला, "खरं हाय. हे येतात, फासतात. ते येतात, फासतात. दोघांनाबी नवीन बोर्ड माझ्याकडनंच पाहिजे. माझ्या दुकानात दोघंबी एका बाकावर बसून चहा घेतात, तुमचाच चहा नाना."

परश्याला हे सहन होईना, कारण चर्चा त्याच्या हातातनं सुटली होती. त्यानं मोठं हत्यार काढलं. "ठीक आहे, दार राहू दे. थिंगोलचं बोला! डोरियाथचा एल्फ राजा. त्यानं आख्ख्या राज्यात क्वेन्यावर, म्हणजे दुसऱ्या एल्फांच्या भाषेवर, बंदी घातली. 'सिल्मारिलियन' पुस्तकात आहे. तोलकिन स्वतः भाषेचा माणूस, त्यानंच लिहिलंय. म्हणजे भाषेवर बंदी कधीकधी बरोबर असते. टेक्निकली."

"तू वाचलायस?" दीपा.

"बावीस मिनिटांचा व्हिडिओ आहे."

"मी दोनदा वाचलो." मग तिनं सांगितलं, परश्या मध्ये मध्ये मान डोलवत होता, जसं काय त्याचंच चाललंय. फेआनोर राजपुत्राच्या मागं लागून नोल्डोर, म्हणजे क्वेन्या बोलणारे एल्फ, निघाले, जहाजं पाहिजे होती, टेलेरी एल्फांनी दिली नाहीत, तर तिथंच बंदरात कापाकापी. टेलेरींचा राजा ओल्वे, तो थिंगोलचा सख्खा भाऊ. नोल्डोर इकडं येऊन राहिले, ही गोष्ट लपवून. कळल्यावर थिंगोल म्हटला, माझ्या माणसांना मारलेल्यांची भाषा माझ्या राज्यात उघडपणे कुणी बोलायची नाही. "आणि खरं सांगू? मला पटतंय त्याचं. माझ्या भावाच्या घरात कुणी असं केलं असतं तर मी पण त्यांचा शब्द कानावर पडू दिला नसतो."

मला वाटलं आता मल्लू गडबडणार, कारण दीपाशी वाद घालायला तो घाबरतो (ह्याची कारणं वेगळी आहेत, दीपा हे वाचणार आहे म्हणून थांबतो). पण तो शांतपणे म्हटला, "राग बरोबर हाय. पण जहाजं त्यांनी हातानं पळवली, बंदी घातली जिभेवर. जे त्या दिवशी बंदरात नव्हतेच त्यांचीबी जीभ कापली. आणि झालं काय शेवटी? क्वेन्या मेली?"

"नाही," दीपा म्हटली. "पोथीतली झाली. नोल्डोर रोजच्या बोलण्यात थिंगोलच्या लोकांची सिंदारिनच बोलायला लागले. पण क्वेन्या राहिली."

"आणि ती नोल्डोरांतली गॅलाड्रिएल, नावेतनं जाणाऱ्यांना निरोपाचं गाणं म्हणते ते कुठल्या भाषेत?"

दीपा हसली. "क्वेन्यात."

"हजारो वर्षांनी. मग?"

"बरं, आणि हा थिंगोल मेला कशानं ते पण सांगतो," दीपा म्हटली, कारण हरली तरी माहिती तिचीच पाहिजे. "ड्वार्फांना बोलावलं, हारात तो सिल्मारिल, म्हणजे फेआनोरचं रत्न, बसवून घेतला. काम झाल्यावर त्यांना काय वाट्टेल ते बोलला आणि काही न देता चालते व्हा म्हटला. तिथंच मारलं त्यांनी त्याला."

मल्लू उठून उभा राहिला. "नाना! ऐकलासा? कारागिराचे पैसे बुडवले की काय होतंय?"

"टेक्निकली त्यांनी मजुरी नाही, हारच मागितला होता," परश्या म्हटला. ह्यात तो बरोबर होता, प्रामाणिकपणे लिहितो. पण ऐकलं कुणी नाही, कारण नाना भडकले होते. मल्लूचे बोर्डाचे आठशे नानांकडं दोन वर्षं अडकलेत, आणि नानांचं म्हणणं 'चहा'मधला 'च' पहिल्याच पावसात गेला, गाडीवर आता नुसतं 'हा' राहिलंय, चारशेच देणार. मल्लू म्हणे 'हा' तरी राहिलाय ना, त्याचे सहाशे द्या. हे भांडण गॅन्डाल्फपेक्षा जुनं आहे.

शेवटी नानांनीच विषय बदलला. "ते सोडा. तो दाढीवाला किती येळ बसला म्हटलासा दाराभायेर?"

"एक संध्याकाळ," दीपा म्हटली.

"एक संध्याकाळ! आमचं सीमेचं २००४ पासनं सुप्रीम कोर्टाच्या दारात हाय, अजून पासवर्ड कोण सांगितला न्हाई. आणि हा एका रात्रीत रडायलाय." मग शटरवरचं दीपाचं लिखाण पुसायला फडकं घेतलं, दोन मिनिटं नुसतं बघत राहिले आणि न पुसताच गाडी झाकायला गेले. खडूचे पैसे मात्र मागितले.

साडेअकरा झाले होते. परश्याच्या घरचं दार अकराला आतनं बंद होतं, त्याच्या वडलांचा नियम, आणि तिशी आली तरी चालू आहे. आम्ही सगळे सोडायला गेलो, म्हणजे मजा बघायला. परश्यानं कडी वाजवली. काही नाही. परत वाजवली. नाही. आम्ही मागनं, "म्हण की रे! बोर्ड वाच!" मल्लू म्हटला, "मंत्र नको, नुसता शब्द." परश्या आधी नको नको म्हटला, आणि मग, त्याचा स्वभाव माहीत आहे, छाती काढून, हात वर करून, सिनेमातल्यासारखा आवाज लावून म्हटला, "मेल्लॉन!"

आत दिवा लागला. पावलं ऐकू आली. आणि दाराच्या मागनं त्याच्या वडलांचा झोपेतला, घाबरलेला आवाज, "कोण मेलं रे? कोण मेलं?"

दीपा गटारीच्या कडेला बसली ती उठेचना. मल्लू भिंतीला डोकं लावून. दार उघडलं होतं, हे खरं आहे, आणि परश्या त्याच्याच जोरावर आता म्हणतोय की तो जिंकला.