जिन्याच्या चौदा पायऱ्या

आमचं नाशिकच्या इंदिरानगरला रो हाऊस आहे, खाली हॉलमध्ये जुना डेस्कटॉप, वर बेडरूममध्ये बायकोचा लॅपटॉप आणि मध्ये जिन्याच्या चौदा पायऱ्या. या चौदा पायऱ्या एक व्हिडिओ चढवायला मला शुक्रवार रात्र ते शनिवार संध्याकाळ एवढा वेळ लागला. तेवढ्यात माणूस सप्तशृंगीचा गड चढतो, दर्शन घेतो, वणीत जेवतो आणि घरी येऊन एक झोपही काढतो.

व्हिडिओ सासऱ्यांच्या पंच्याहत्तरीचा. फोटोग्राफरने सगळा कार्यक्रम एकाच फाइलमध्ये कोंबून दिला होता, १८.६ जीबी. त्यात २२ मिनिटं माझा मेहुणा गातोय. माणूस सोन्यासारखा आहे हो, पण माईक हातात आला की त्याचं काय होतं देव जाणे. रविवारी सगळे आमच्याकडे व्हिडिओ बघायला येणार होते आणि त्याआधी ती २२ मिनिटं कापायची असं बायकोनेच ठरवलं, मी नाही, सख्ख्या बहिणीचा निर्णय आहे हा. कापायचं सॉफ्टवेअर तिच्या लॅपटॉपवर. खालच्या डेस्कटॉपसमोर एडिटिंगचं नुसतं नाव काढलं तरी त्याचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा आवाज करतो.

मी म्हटलं त्यात काय, पेनड्राईव्हवर टाकू. ३२ जीबीचा पेनड्राईव्ह, २६ जीबी मोकळा. कॉपी म्हटलं तर म्हणे फाइल फार मोठी आहे. अरे बाबा, मोकळी जागा तूच दाखवतोयस ना? मग कळलं की तो फॅट ३२ नावाच्या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला आहे आणि त्यात ४ जीबीच्या वरची एक फाइल बसतच नाही, जागा कितीही असो. म्हणजे गोदाम रिकामं आहे पण दारातून पोतं आत जात नाही. फॉरमॅट बदलला असता तर काम झालं असतं, पण त्यात बाबांचे गाडीत लावायचे अभंग आहेत आणि "पुसून परत टाकतो" या माझ्या वाक्यावर बाबांचा विश्वास २०१४ सालीच उडालाय, तेव्हा काय झालं ते इथे नको.

बायको म्हणाली, "अहो मग गूगल ड्राइव्हवर टाका ना." तिथे १५ जीबी फुकट मिळतात, त्यातले चौदा माझ्या गुड मॉर्निंगवाल्या मित्रांनी भरलेत. आणि मला ते पटतही नाही, खालच्या हॉलमधली वस्तू कुठल्या तरी परमुलखातल्या सर्व्हरवर नेऊन ठेवायची आणि तिथून वरच्या बेडरूममध्ये उतरवायची. घरात वायफाय आहे, दोन्ही मशीन त्यावर आहेत, तर फोल्डर शेअर करायचं, संपलं.

इथे माझा अभिमान नडला.

पूर्वी विंडोज सेव्हनमध्ये होमग्रुप नावाची सोय होती, तीच शोधत अर्धा तास सगळ्या सेटिंग्जमधून फिरलो. शेवटी समजलं की ती २०१८ मध्येच काढून टाकलीय. मग फोल्डरवर राइट क्लिक, शेअर, सगळं रीतसर केलं. वर गेलो, लॅपटॉपवर नेटवर्क उघडलं. रिकामं. खाली आलो, डेस्कटॉपवर नेटवर्क उघडलं. त्यात डेस्कटॉप स्वतःच स्वतःला दिसत होता, बाकी कोणी नाही. परत वर. परत खाली. तिसऱ्या फेरीला बाबांनी पेपरमधून डोकं वर काढून विचारलं, "शुगर वाढलीय का रे?"

रात्री अकराला भाच्याला फोन लावला, तो इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. "मामा, नेटवर्क पब्लिक ठेवलंयस का प्रायव्हेट?" मला काय माहीत. पाहिलं तर दोन्हीकडे पब्लिक. नवीन वायफाय जोडताना विंडोजने विचारलं होतं की तुमचा कॉम्प्युटर इतरांना दिसू द्यायचा का, तेव्हा मी शहाण्यासारखं नको म्हटलं होतं. दाराला आतून कडी लावायची आणि पाहुणे येत नाहीत म्हणून रुसायचं, तसा प्रकार. दोन्हीकडे प्रायव्हेट केलं. तरी दिसेना. मग भाचा म्हणाला काळी खिडकी, म्हणजे कमांड प्रॉम्प्ट, उघड आणि आयपी, म्हणजे नेटवर्कमधला त्या मशीनचा नंबर, वाच. मी खालचा वाचला, १९२.१६८.१.७. वर गेलो (आठवी फेरी), तिथला वाचला, १९२.१६८.०.१०५. पलीकडे दोन सेकंद शांतता. मग, "मामा, तिसरा आकडाच वेगळा आहे, तुझ्या घरात दोन नेटवर्क आहेत."

झालं असं होतं, की नेटवाल्यांचा डबा खाली हॉलमध्ये. वर रेंज येत नाही म्हणून मागच्या वर्षी मी माळ्यावरचा जुना राउटर काढून खालून वायर नेऊन वर बसवला होता, स्वतः, आणि त्याबद्दल बिल्डिंगभर, म्हणजे शेजारच्या दोन रो हाऊसना, सांगितलंही होतं. पण ती वायर मी त्याच्या इंटरनेटवाल्या निळ्या भोकात खुपसली होती. त्यामुळे तो राउटर खाली डब्याशी एका तोंडाने बोलायचा आणि वर लॅपटॉप-मोबाईलशी दुसऱ्या तोंडाने, वरच्यांना वेगळे नंबर वाटायचा. आपल्या गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुतीच म्हणा ना. दोन्ही मजल्यांवर इंटरनेट छान चालायचं म्हणून वर्षभर कोणाच्या लक्षात आलं नाही. एका वाड्यात दोन चुली आणि दोघा भावांचं बोलणं बंद, पण दूधवाला एकच.

उपाय पाच मिनिटांचा होता. जुन्या राउटरला खालच्या घराण्यातला एक मोकळा नंबर दिला, त्याचं स्वतः नंबर वाटणं, म्हणजे डीएचसीपी, बंद केलं आणि वायर निळ्यातून काढून पिवळ्या भोकात लावली. आता वाटप फक्त खालचा डबा करणार. वर जाऊन पाहतो तर डेस्कटॉपचं चित्र दिसतंय! रात्री साडेबाराला मी "दिसला!" असा ओरडलो की शेजारच्या काकांनी गॅलरीतला दिवा लावला.

डबल क्लिक केलं तर पासवर्ड मागतोय. टाकला. चूक. परत टाकला. चूक. मी रोज डेस्कटॉपवर जो चार आकडी पिन टाकतो तोच टाकत होतो. पण तो पिन फक्त त्या मशीनसमोर बसून टाकायचा असतो, नेटवर्कवरून अकाउंटचा खरा पासवर्ड लागतो, आणि खरा पासवर्ड मी डेस्कटॉप घेतला त्या दिवशी एकदाच टाकला होता. शनिवारी सकाळी तो बाबांच्या डायरीत सापडला, गॅस नंबर आणि दुधाच्या हिशोबाच्या मधोमध, शुद्ध देवनागरीत लिहिलेला. "कॅपिटल एस, मग ॲट, मग तुझी जन्मतारीख." बाबांनी माझी जन्मतारीख एका दिवसाने चुकवलेली होती, आणि पासवर्डही तोच चुकीचा होता, म्हणजे बरोबर होता.

कॉपी सुरू. सेकंदाला तीन एमबीचा स्पीड. उरलेला वेळ आधी पावणेदोन तास, मग चाळीस मिनिटं, मग एकदम पाच तास, हे गणित नेमकं कोण करतं त्याला एकदा भेटायचंय. बायको म्हणाली आता हात लावू नका. नाही लावला. ७४ टक्क्यांवर लाईट गेली. आमच्या इन्व्हर्टरवर हॉलमधला पंखा आणि देवघरातला दिवा आहे, डेस्कटॉप आणि राउटर दोन्ही नाहीत. लाईट आली तेव्हा ७४ टक्के गेले होते कामातून, विंडोजची साधी कॉपी तुटली की पहिल्यापासून. भाचा म्हणाला, "विंडोजमधली रोबोकॉपी कमांड वापरायची ना मामा, झेड लावून, तुटलं तिथून पुढे घेते." मी म्हटलं हे काल सांगायचं. तो म्हणाला, "तू काल विचारलं नाहीस."

मग बाबा उठले, वर गेले, लॅपटॉप काखेत मारून खाली आले आणि डेस्कटॉपशेजारी टीपॉयवर ठेवला. काही बोलले नाहीत. हे न बोलणं जास्त लागतं.

माळ्यावरची लॅन केबल काढली, दोन्ही मशीन खालच्या डब्याला वायरने जोडली, आता सुसाट. सुसाट कसलं, ११ एमबी. गिगाबिटला, म्हणजे १००० एमबीपीएसला, आतल्या आठही तारा लागतात, १०० एमबीपीएसला चारच पुरतात, उरलेल्या चारांतली एखादी तुटली की गाडी त्या १०० वर येते. आणि ते १०० म्हणजे बिट, आठने भागलं की साडेबारा, हातात पडतात अकरा-साडेअकरा. आमच्या केबलची एक तार उंदराने खाल्लेली होती. पण आता मला गिगाबिटची हाव उरली नव्हती.

अठ्ठावीस मिनिटं आम्ही तिघं त्या हिरव्या पट्टीसमोर बसलो. नाशिककराला असं बघत बसायची सवय असते, गंगापूर धरणातून पाणी सोडलं की घाटावर उभं राहून दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर आलं हेच बघतो आपण. बाबा पेपर वाचता वाचता विचारायचे, "कुठपर्यंत आलं?" मी सांगायचो, मारुतीच्या गुडघ्याला. मग कमरेला. छातीला आलं तेव्हा बायकोने चहा टाकला. पाणी मारुतीच्या डोक्यावरून गेलं तेव्हा पाच वाजून दहा मिनिटं झाली होती.

तिने रात्री बसून ती २२ मिनिटं इतकी सफाईने काढली की निवेदिका "आणि आता ऐकूया" म्हणते आणि थेट जेवणाच्या पंगती सुरू होतात.

रविवारी सगळे आले, व्हिडिओ झाला. मेहुणा थोडा वेळ शांत बसून होता, मग म्हणाला, "दाजी, माझं गाणं होतं ना यात?"

मी म्हटलं, "नेटवर्कचा लोचा झाला रे. खालून वर कॉपी करताना नेमका तेवढाच भाग राहिला."

त्याला पटलं. बिचारा मान हलवत होता, तेवढ्यात बाबांनी पेपर बाजूला ठेवला आणि म्हणाले, "अरे मग खालच्या कॉम्प्युटरवर आहे ना अख्खं. लाव की."